स्पार्क प्लग नसलेल्या गाडीतून लेपाक्षीला

लेपाक्षीला जायचं ठरलं ते तिथला दगडी नंदी बघायला नव्हे, अप्पांना माझ्या गाडीत बसवायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शिल्पकलेच्या माहितीसाठी आलेल्यांचा वेळ जाणार नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. बेंगळुरूत शिवाजीनगरला त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. स्पार्क प्लग, सायलेन्सर, ऑइल फिल्टर, फॅन बेल्ट. त्यांचे गुडघे दुखतात, रिक्षात चढता-उतरताना कळवळतात, म्हणून मागच्या महिन्यात मी गाडी घेतली. इलेक्ट्रिक. तिच्यात वरीलपैकी काहीही नसतं. अप्पांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून सायलेन्सर शोधला आणि जाहीर केलं, "जिला स्पार्क प्लग नाही, तिच्यात मी बसणार नाही." तेव्हापासून ते दुकानात रोज रिक्षानेच जातात. लोकांना सांगताना मी हसायचे, पण आतून फार वाईट वाटायचं. गाडी घेतली होती कोणासाठी?

आमच्या घराण्याला सध्या पर्यावरणाचा उमाळा आला आहे. धाकट्या भावाने, मंदारने, हायब्रिड घेतली आहे आणि बाळूकाकांनी सीएनजी. तिन्ही गाड्या घेऊन रविवारी जायचं, माझी गाडी नीट जाऊन नीट परत येते हे अप्पांनी डोळ्यांनी बघायचं, असा माझा डाव होता. अप्पा "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि काकांच्या सीएनजीत जाऊन बसले.

पहाटे साडेपाचला निघालो. हेब्बाळचा उड्डाणपूल सहाच्या आत ओलांडा, हा माझा सगळ्यांना सल्ला. रात्री पूर्ण चार्ज व्हायला लावलेली माझी गाडी मात्र सहासष्ट टक्क्यांवरच होती, कारण वॉचमनने पाण्याची मोटर लावायला माझा प्लग काढून ठेवला होता. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी सोसायटीची परवानगी घ्यावी, मग गाडी. आमच्याकडे गाडी आठवड्याभरात आली आणि प्लगवरच्या मीटिंगा अजून चालू आहेत.

काकांच्या डिकीत सिलिंडर असल्यामुळे त्यांचंही सामान माझ्याकडे आलं. पिशव्या, पुऱ्यांचा डबा, काकांची घडीची खुर्ची आणि आई. मंदार दर दहा मिनिटांनी फोन करून स्कोअर सांगत होता. "अक्का, चोवीसचं मायलेज!" मग जरा वेळाने, "अक्का, सव्वीस!" हायब्रिड संथ ट्रॅफिकमध्ये बॅटरीवर चालते आणि वेग घेतला की पेट्रोलचं इंजिन जागं होतं. चार्जिंगची कटकट नाही. पण किंमत ऐकून आई म्हणाली होती, "एवढ्यात गाडी येते की घर?"

देवनहळ्ळीला सीएनजीची रांग लागली. चौदा गाड्या पुढे, आणि गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं. अप्पा गुडघे धरून उतरले आणि माझ्याकडे न बघता उभे राहिले. तासभर लागणार हे दिसताच आई म्हणाली, "तोवर किल्ल्यातल्या देवळात हिची पूजा करून येऊ. अजून झालीच नाहीये."

पुजारी आनंदाने आले आणि म्हणाले, "बॉनेट उघडा, इंजिनाला कुंकू लावू." मी बॉनेट उघडलं. आत प्लॅस्टिकचा ट्रे आणि ट्रेत पुऱ्यांचा डबा.

"इंजिन एल्ली?" पुजारी घाबरून म्हणाले. म्हणजे इंजिन कुठे गेलं?

"नाहीये," मी म्हटलं.

आईने शांतपणे विचारलं, "मग हिच्यात शक्ती येते कुठून?" मी बाजूचं झाकण उघडून चार्जिंगचं सॉकेट दाखवलं आणि चाकांखाली ठेवायला लिंबं आणायला गेले. ही माझी चूक. परत आले तर झाकण बंद होतं, गाडीला झेंडूचा हार होता आणि आईच्या चेहऱ्यावर समाधान. चार लिंबं चिरडून आम्ही निघालो.

पुढचा रस्ता सुरेख आहे. डावी-उजवीकडे द्राक्षांचे मांडव आणि खडकाळ टेकड्या. चढावर काकांची गाडी मागे पडायची. बागेपल्लीजवळ एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे, तिथे मी सतरा टक्क्यांवर पोचले. झाकण उघडलं आणि पाहतच राहिले. सॉकेटच्या प्रत्येक भोकाला ओल्या कुंकवाचं बोट, वर हळद, वर अक्षता आणि मधोमध एक शेवंती.

"आई!"

"शक्ती तिथूनच येते म्हणालीस ना?" आई म्हणाली. "मी सातही भोकांना लावलं, एकही सोडलं नाही."

फूल काढलं, रुमालाने पुसलं, चार्जर लावून पाहिला. पडद्यावर लाल अक्षरं आली. पुन्हा लावला, पुन्हा लाल. हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, सॉकेटमध्ये पाणी, धूळ की किडा? मी म्हटलं, कुंकू. पलीकडे कीबोर्डची खटखट झाली. "मॅडम, यादीत तो पर्याय नाही." मग म्हणाल्या, गाडी उचलायला ट्रक पाठवतो, चार तास लागतील.

माझी गाडी ट्रकवर चढलेली अप्पा बघणार, म्हणजे संपलंच. ते आयुष्यात कधी तिच्यात बसणार नाहीत. हॉटेलच्या पायरीवर बसून मला खरोखर रडू आलं. काकांनी घडीची खुर्ची काढून तिच्यावर बसून डोसा मागवला. मंदार म्हणाला, "तशीही वीज कोळशाचीच असते, अक्का." त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

आणि मग अप्पा उठले. खिशातून त्यांची रेक्झिनची छोटी पिशवी काढली. तिच्यात जुना टूथब्रश, लाकडी काड्या आणि हवा मारायचा रबरी फुगा असतो. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचे प्लग याच सामानाने साफ केलेत.

"गाडी पूर्ण बंद आहे? चावी लांब ठेव. स्वल्प उजेड दाखव."

मी मोबाइलचा टॉर्च धरला. अप्पांनी फुगा दाबला आणि सुकलेलं कुंकू उडून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर बसलं. कोरड्या ब्रशने एकेक भोक घासलं. मग डोळे बारीक करून म्हणाले, "हां. पिनेच्या खाली बसलाय." काडीने त्यांनी अलगद बाहेर काढला तो एक अख्खा तांदूळ.

चार्जर लावला. टक्क आवाज झाला आणि हिरवा दिवा लागला. डोसा घेऊन आलेला वेटर टाळ्या वाजवायला लागला, म्हणून आम्हीही वाजवल्या.

अप्पा मात्र तळहातावरच्या तांदळाकडे बघत होते. "म्हणजे हिच्यातही कचरा अडकतो," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं होतं, या गाड्या आल्या की माझं काही कामच उरणार नाही." महिनाभर मी ज्याला हट्ट समजत होते ती भीती होती, हे मला त्या आवारात कळलं. स्वतःची फार लाज वाटली.

पाऊण तासाच्या चार्जिंगला साडेतीनशे रुपये गेले आणि डोशांना त्याहून जास्त. लेपाक्षीला नंदी पाहिला, तो खरोखर प्रचंड आहे. देवळातल्या जमिनीला न टेकणाऱ्या अधांतरी खांबाखालून सगळे कापड सरकवतात तसं काकांनी उपरणं सरकवलं, ते अडकलं आणि मागची रांग खोळंबली.

परतताना अप्पा सरळ माझ्या गाडीपाशी आले, पुढचं दार उघडलं आणि बसले. वाटेत तक्रारी मात्र अखंड चालू होत्या.

"आवाजच नाही. बिघडली तर कळायचं कसं?"

"तुम्ही बिघडता तेव्हा तरी कुठे कळतं?" मागून आई.

उतारावर मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तेव्हा बॅटरी एक टक्क्याने वाढली. अप्पा पडद्यावर वाकले. "उतरताना कमावते?" मग प्रत्येक उतारावर त्यांनी तो आकडा मोठ्याने वाचला.

तुम्ही गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर माझं मत असं. रोज शहरात फिरणार असाल आणि घरी प्लग असेल तर इलेक्ट्रिकसारखं स्वस्त आणि शांत काही नाही, मात्र लांब जाताना चार्जर आधी शोधा आणि आईवर नजर ठेवा. मंदारचा कोळशाचा मुद्दा खोटा नाही, पण तो मंदारसमोर मान्य करू नका. रांगेत उभं राहायचा संयम असेल आणि सामान कमी असेल तर सीएनजी. पैसे असतील आणि चिंता नको असेल तर हायब्रिड, फक्त तिलाही पेट्रोल पाजावं लागतंच.

अप्पा-आई माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. दारात गाडी थांबवली, आई उतरून वर गेली. अप्पा बसूनच राहिले, डॅशबोर्डवरून हात फिरवत.

"उद्या दुकान नऊला उघडायचंय," ते म्हणाले.

"बरं."

"मग पावणेनऊला ये. आणि हॉर्न वाजव, नाहीतर ही आलेली मला वर ऐकू यायची नाही."

सोमवारी मी साडेआठलाच पोचले. अप्पा चपला घालून आधीच फाटकात उभे होते.