तुकडा काढला, पेढे वाटले

डॉक्टरांच्या टेबलावर मी पेढ्यांचा पुडा ठेवला. म्हणालो, "मुँह मीठा कीजिए, डागदरसाब. आपने मेरेकू बचाया."

डॉक्टर बंगाली, तरुण. त्यांनी पेढा उचलला, तोंडाकडे नेला नि माझ्याकडे बघून मध्येच थांबले. "तुम वो रसोइया है ना? रिपोर्ट लेने क्यूँ नहीं आया? किधर था इतना दिन?"

"घर में. ठीक हो गया ना मैं."

"ठीक कौन बोला? कॅन्सर है."

पेढा त्यांच्या हातात तसाच. मी हसलो. खरंच हसलो. घाबरलो की मला हसू येतं, काय करणार? मागे स्टूल आहे समजून बसलो, ते नव्हतं. जमिनीवर आपटलो.

मला लिहिता येत नाही. मी बोलतोय, आमच्या मेसमधले दामले उतरवून घेतायत. कलकत्त्याच्या भवानीपुरात मराठी कारकुनांची मेस आहे, तिथला मी आचारी. डाव्या गालात तंबाखूचा बार धरायची जुनी सवय. तिथेच आतून गाठ आली, पांढरट, खरखरीत. आमटी चाखली की डोळ्यांतून पाणी. मी सगळ्यांना सांगायचो, यंदाची मिरची जहाल आहे. मलाही ते पटलं होतं. शेवटी दामल्यांनीच धरून हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर म्हणाले, बायॉप्सी करू. बायॉप्सी म्हणजे शंका येईल तिथलं जरासं मांस कापून काढायचं नि तपासायचं. मी 'कापून काढायचं' इथपर्यंतच ऐकलं. गालात सुई टोचली, वाटाण्याएवढा तुकडा काढला, बाटलीतल्या औषधात टाकला. मी बाटलीला हात जोडले. म्हटलं, चला, गेलास एकदाचा!

जखम भरली. दामले गावी गेलेले, मला हटकणार कोण? घरी पेढे वळले, मेसभर वाटले, उरलेले डॉक्टरांकडे घेऊन आलो.

"लेकिन टुकडा तो निकाला," मी जमिनीवरूनच म्हणालो.

डॉक्टर खाली वाकले. "चखने के लिए चम्मच भर दाल निकाला, तो पतीला खाली हो गया क्या?"

ही भाषा मला कळली.

मग त्यांनी समजावलं. त्या तुकड्याच्या कागदाहून पातळ चकत्या करतात, त्यांना रंग देतात नि मायक्रोस्कोपखाली बघतात. बारीक वस्तू मोठी दिसते, ते यंत्र. माझ्या पेशी बिघडल्या होत्या, पण फार नाही. "ग्रेड वन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे चांगल्या पेशींशी त्यांचं अजून बरंच साम्य होतं. असला रोग बहुतेक वेळा सावकाश पसरतो. मानेतही गाठ हाताला लागत नव्हती, म्हणजे रोग तिथवर पोचल्याची खूण नव्हती. "जल्दी ऑपरेशन करेगा तो उम्मीद अच्छा है. लेकिन तुमने टाइम खराब किया."

बाहेर बाकावर माझी बायको, यशोदा.

"घेतले का हो पेढे?"

"एक घेतला."

"मग तोंड असं का झालंय?"

सांगितलं. समोरून ट्राम गेली, दुसरी आली. मग ती म्हणाली, "एवढ्या माणसांनी पेढे खाल्ले. एकानं विचारलं नाही, डॉक्टर काय म्हणाले. मीसुद्धा नाही." नि तोंडात पदर धरून रडायला लागली. मला एकही विनोद सुचला नाही.

ऑपरेशन झालं. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वॉर्ड भरलेला, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर मी. कापलेला भाग पुन्हा तपासायला गेला, तेव्हा मी हातानंच विचारलं, आता कशाला? डॉक्टर म्हणाले, कडा बघायच्या. कडेपर्यंत रोग दिसला, तर तो आतही राहिला असेल.

पहिल्या खेपेला निकाल आणायलाच गेलो नव्हतो. आता कुणाचीही चप्पल वाजली की मान वळवून दाराकडे बघायचो. यशोदा रोज जाऊन विचारायची. तिथला माणूस वैतागून म्हणायचा, "बउदी, आशबे, आशबे!" येईल वहिनी, येईल.

आला. "किनारा साफ है," डॉक्टर म्हणाले. मी खुणेनं विचारलं, बरा झालो? "आज ठीक है. कल का हम नहीं बोलेगा. दिखाने आते रहना."

तुमच्यापैकी कुणाचा तुकडा काढला, तर निकाल हातात पडेपर्यंत मिठाई करू नका. तुकडा काढणं हे औषध नव्हे, ती चौकशी आहे. यंत्राला डोळा लावून माझा गाल कुणी तपासला, मला माहीत नाही. रस्त्यात भेटला तरी ओळखणार नाही. पण त्यानं बघितलं म्हणूनच माझं काय करायचं, हे डॉक्टरांना कळलं.

मी तपासायला जातो. तंबाखू सुटली. तोंड आता दोन बोटांपुरतंच उघडतं. पूर्वी माझा विनोद सांगून संपायच्या आत मीच खदाखदा हसायचो. आता ते जमत नाही, म्हणून थांबून समोरच्यांकडे बघतो. तेव्हा कळलं, इतकी वर्षं मी एकटाच हसत होतो.