मागचं सामान टिकलं पाह्यजे

गाडीची ताकद वाढवून हौस भागवणारे लोक पुष्कळ असतील, पण ताकद वाढवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याच ताकदीला घाबरून राहणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कोळसा खाणीच्या वर्कशॉपात तीस वर्षं त्यांनी डंपर खोलले आणि जोडले, आणि निवृत्त झाल्यावर नागपूरहून एक जुनी, लाल, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्‌स कार आणली. तिचं इंजिन ठीक होतं. नुसतं ठीक असणं साडूभाऊंना कधीच पटलेलं नाही. त्यांनी त्यावर सुपरचार्जर चढवला. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून इंजिनाच्या नरड्यात जबरदस्तीने हवा कोंबणारं हे यंत्र बसवायला सहा महिने गेले, आणि पहिल्याच फेरीत गाडी अशी काही सुटली की माझ्या मांडीवरचा समोशांचा पुडा मागच्या काचेला जाऊन चिकटला. मी आनंदाने ओरडलो. साडूभाऊंनी मात्र गाडी कडेला घेतली. चेहरा पार उतरलेला. म्हणाले, "साडभाऊ, इंजिन त पैलवान झालं, पण मागच्या लोकायले आपण विचारलंच नाई."

मागचे लोक म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, तिथून मागे जाणारा लांब शाफ्ट, डिफरन्शियल आणि चाकं फिरवणारे दोन एक्सेल. इंजिनाने जोर काढायचा आणि तो या बिचाऱ्यांनी मुकाट सोसायचा, असा हा संसार. कारखान्यातून निघताना त्यांना जेवढा जोर सोसायला सांगितला होता, त्याच्या दीडपट आता अंगावर येणार होता. त्या दिवसापासून साडूभाऊंची झोप गेली. पायातली चप्पल काढून ते अनवाणी गाडी चालवू लागले, का तर अॅक्सिलरेटर किती दबला ते तळव्याला कळलं पाहिजे. दीडपट ताकदीची ती लाल गाडी मूल गावाच्या रस्त्याने चाळीसच्या वेगाने जायची आणि मागून येणारा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. दर रविवारी डिफरन्शियलचं तेल काढून त्यात लोहचुंबक फिरवायचं आणि त्याला चिकटलेला कीस पांढऱ्या कागदावर पसरायचा, हा नेम. घरी गेलो की चहाच्या आधी तो कागद समोर येई. "पाहा, मागच्या हप्त्यापेक्षा बारीक हाये का नाई?" मला तो दर वेळी सारखाच दिसायचा, पण मी बारीक म्हणायचो, कारण त्याशिवाय चहा येत नसे.

हा विचार गाडीपुरता राहिला असता तरी चाललं असतं. पण माणसंही ते त्याच मापाने मोजतात. लग्नात नवरदेव पाहिला की माझ्या कानाशी लागणार, "बोलते दमदार, पण क्लच घसरून राह्यला." एकदा विहारातल्या बैठकीत तरुण पोरांनी बुद्ध जयंतीला मोठी रॅली काढायची, डीजे आणायचा, हजार लोक जेवू घालायचे असे मनोरे रचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साडूभाऊ उठले आणि म्हणाले, "जोर लय हाये तुमच्यात, मान्य. पण भांडे घासाले कोन हाये, थे सांगा." बैठक तिथेच बारगळली. पुढे रॅली निघाली ती छोटी, आणि भांडी साडूभाऊंनीच घासली, हेही सांगितलं पाहिजे.

आता मुलीबद्दल. साडूभाऊंना एकच मुलगी. सुपरचार्जर बसवताना पान्हे देणारी, पट्टा ताणून धरणारी तीच. गाडी झाली आणि तिला हेमलकशाच्या अलीकडे जंगलातल्या एका आश्रमशाळेवर शिक्षिकेची नोकरी लागली. जाताना ती म्हणाली, "बाबा, माही शाळा पाहाले या." साडूभाऊंनी शब्द दिला की येईन तो याच गाडीने. बस, तिथे सगळं अडलं. आधी क्लच बदलायचा होता, मग शाफ्टचे जॉइंट, मग गिअरबॉक्स. आष्टीच्या पुढे रस्ता खराब, आलापल्लीनंतर मेकॅनिक नाही, मधेच एक्सेल तुटला तर काय? अशी दोन वर्षं गेली. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो, ती तेवढ्यात तीनदा एसटीने जाऊन आली. चौथ्यांदा निघताना म्हणाली, "पोरीले गाडी पाह्यजे का बाप?" साडूभाऊ म्हणाले, "मागचं सामान टिकलं पाह्यजे ना वो."

एप्रिलात मुलीचा फोन आला. तिची बदली झाली होती. "पोरं सुट्टीत घरी जायच्या आधी या बाबा, मंग मी इथी नसन." साडूभाऊंनी तातडीने काय केलं असेल, तर दोन्ही एक्सेल नवे घातले आणि त्यांची परीक्षा म्हणून आठ दिवस चंद्रपुरात गोल गोल फिरले. नवव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मला सोबत घेतलं ते मागचा आवाज ऐकायला. मी अख्ख्या रस्त्यात मान वळवून बसलो होतो, त्यामुळे सागाचं ते सगळं जंगल मी उलटं पाहिलं. काहीही वाजलं नाही. काहीही तुटलं नाही.

दुपारी शाळेत पोचलो तर मैदान ओस. मुलं तीन दिवसांपूर्वीच घरी गेली होती. मुलगी धावत आली, पण साडूभाऊ तोवर गाडीखाली शिरले होते. आतून आवाज आला, "सगळं शाबूत हाये! लय मजबूत हाये हे, अजून दहा वर्सं काई होत नाई याले!"

मुलगी त्यांच्या बाहेर आलेल्या पायांकडे पाहत उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "मंग दोन वर्सं काऊन नाई आले, बाबा?"

 साडूभाऊ बाहेर आले, हात पुसत राहिले. "मले वाटे, गाडी मधात मोडंल."

"मोडली असती त मोडली असती," ती म्हणाली. "माह्या पोरायनं ढकलत आणली असती. लाल गाडी येनार म्हनून दोन वर्सं कुंपनावर बसून राह्यले थे. त्यायले त ढकलालेच पाह्यजे होती."

मी आयुष्यात साडूभाऊंना पुष्कळ हसलो आहे, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना.  ते मुलीच्या मागे वर्गात गेले आणि पहिलीच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. मग एकेका जागेकडे बोट दाखवून विचारू लागले, इथी कोन बसते, अन् तिथी? ती सांगत गेली. इथे लालसू, इथे मैनी, खिडकीपाशी चिन्ना. ऊन उतरेपर्यंत ते तिच्याकडून नावं ऐकत बसले होते.