त्रेचाळीस घरं

मंदाताई सबनीस पंचवीस वर्षं प्रतापनगरला रेल्वेच्या भांडारात होत्या. नवरा बाळकृष्ण यार्डातल्या अपघातात गेला तेव्हा त्या तेहेतीस वर्षांच्या होत्या. अनुकंपेवर कारकुनाची जागा मिळाली आणि पाच वर्षांच्या दीप्तीला शेजारी ठेवून त्या कामावर जायला लागल्या. पाने, वॉशर, ग्रीसचे डबे, ब्रेकचे ठोकळे यांच्यात त्यांचं आयुष्य गेलं. फोरमन कितीही ओरडला तरी इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, आल्याशिवाय त्या खिडकीतून एक वॉशरही देत नसत. लोक त्यांना कडक म्हणत. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

अठ्ठ्याण्णव साली त्या निवृत्त झाल्या. दीप्ती लग्न होऊन शहरातच वासण्याला गेली होती. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या दोन खोल्यांत मंदाताई एकट्याच राहत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई सुरू झाली. पोळात लोक संध्याकाळी दारं उघडी टाकून टीव्हीवर डोंगर आणि तोफा बघत बसत. जूनच्या मध्यावर रावपुऱ्यातल्या मंडळाचे अध्यक्ष सुभानराव शिर्के मंदाताईंकडे आले. सुभानरावांचे आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते आणि ते सुभानरावांच्या बोलण्यात कुठून तरी येईच. जवानांसाठी मदत पाठवा असं त्यांनी पेपरात छापून आणलं होतं, आणि चार दिवसांत मंडळाचा हॉल भरून गेला होता.

"मालाची व्यवस्था तुमच्याइतकी कुणाला कळते?" ते म्हणाले. "जरा येऊन बघा."

मंदाताईंनी जाऊन बघितलं. थेपल्यांचे डबे होते, गूळ-कणकेची सुखडी होती, लोणच्याच्या बरण्या होत्या. वापरलेल्या साड्या, लग्नातला एक सूट, लहान मुलांचे स्वेटर. डब्यांना मुंग्या लागायला सुरुवात झाली होती.

"हे कुणी मागवलंय?" त्यांनी विचारलं.

"मागवायचं काय त्यात? पोरं सीमेवर लढतायत. लोक प्रेमानं देतायत."

"ते दिसतंय. पण काय हवं ते तिकडून कुणी कळवलंय का?"

कुणी कळवलं नव्हतं. रविवारी दिल्लीकडे ट्रक निघणार होता आणि त्याचा कापडी फलक रंगवून तयार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाताई रिक्षा करून सैनिक कल्याण कार्यालयात गेल्या. तिथे तुकोजीराव नावाचे एक निवृत्त सुभेदार टेबलाशी बसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, जेवण, कपडे, बूट फौज देते," ते म्हणाले. "तुमची थेपली पोचेपर्यंत त्यांना बुरशी येईल. आणि जुन्या साड्यांचं जवानानं काय करायचं?"

"मग काय पाठवायचं?"

"तिकडे काही पाठवू नका. माणसं तिकडे आहेत, घरं इथे आहेत. त्या घरांकडे कोण बघतंय?"

त्यांनी एक कागद ओढला आणि रजिस्टरातून बघून नावं-पत्ते उतरवून दिले. शहरातली त्रेचाळीस घरं होती. प्रत्येक घरातला माणूस त्या वेळी उत्तरेत कुठेतरी होता.

पहिल्याच घरी मंदाताई चुकल्या. तांदूळ, तेल आणि लोणच्याची एक बरणी पिशवीत घालून मंदाताई वाडी भागातल्या उल्का जाधवच्या दारात उभ्या राहिल्या. नवरा हवालदार, घरात सासू आणि दोन मुलं. उल्कानं पिशवीकडे बघितलं आणि दाराची चौकट धरली.

"आम्ही मागायला आलो होतो का?"

"नाही," मंदाताई म्हणाल्या.

त्या जिना उतरल्या, पिशवी खाली रिक्षात ठेवली आणि परत वर आल्या. या वेळी हातात वही होती. "तुला काय अडचण आहे ते सांग. मी लिहून घेते. नसेल तर तसंही सांग."

 आतून सासूचा खोकला ऐकू आला, तशी उल्का सांगू लागली. एप्रिलमध्ये त्यांनी घर बदललं होतं. गॅस नवऱ्याच्या नावावर होता. पत्ता बदलायला एजन्सीला त्याची सही हवी होती. जुना सिलिंडर संपल्यापासून तेवीस दिवस स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर चालला होता आणि सासूला दमा होता.

मंदाताई एजन्सीत तीनदा गेल्या. मॅनेजर उद्धट नव्हता, पण नियमाला धरून होता. "माजी, सही तो साहेबनीज जोईए," तो गुजरातीत म्हणायचा, म्हणजे आई, सही साहेबांचीच हवी. तिसऱ्या खेपेला मंदाताईंनी तुकोजीरावांचं पत्र समोर ठेवलं. "नियम मला समजतो. मीही पंचवीस वर्षं असंच केलंय. पण सही करणारा माणूस बर्फात आहे. तुमच्या वरच्यांना फोन लावा, मी बसते." त्या दीड तास बसल्या. चौथ्या दिवशी उल्काच्या घरी सिलिंडर आला.

त्यानंतर त्या रिकाम्या हातानंच घरोघर गेल्या. कुणाला मुलीच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. एका म्हाताऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायला कुणी नव्हतं. एका बाईचा नवरा रविवारी एसटीडी बूथवर फोन करायचा, आणि तान्हं मूल घेऊन तिला तिथे तासन्‌तास बसवत नसे. फोन आला की निरोप घेऊन पळत येईल असं माणूस तिला हवं होतं. सात घरांनी काही नको म्हणून सांगितलं. मंदाताईंनी तेही लिहून ठेवलं.

एकटीच्यानं हे होणार नव्हतं. म्हणून त्या हॉलच्या दाराशी टेबल टाकून बसल्या आणि डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागल्या, "हे राहू द्या. मंगळवारी दोन तास मोकळे आहात का?" बरेच जण रागावले. एकानं डबा टेबलावर आपटला आणि निघून गेला. हंसाबेन नावाच्या बाई पाच किलो सुखडी घेऊन आल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

"तो आ सुखडीनुं शुं करवानुं?"

"सरकारी दवाखान्यात पेशंटचे नातेवाईक उपाशी बसलेले असतात. चला, तुम्हीच वाटा."

हंसाबेन गेल्या. पुढे डायलिसिसच्या म्हाताऱ्यांना न्यायचं काम त्यांनीच घेतलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

सुभानरावांना हे पटलं नाही. "हा लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे, मंदाताई," ते म्हणाले. त्यांनी रविवारी कपड्यांचा ट्रक पाठवलाच. फोटो पेपरात आला. मंदाताईंनी ट्रक अडवला नाही आणि त्या फोटोलाही गेल्या नाहीत. सप्टेंबरात कळलं की ते गठ्ठे वाटेतल्या कुठल्याशा गोदामात पडून आहेत आणि त्यांना उंदीर लागलेत. सुभानरावांनी ते स्वतः घरी येऊन सांगितलं, एवढं त्यांच्या बाजूनं म्हटलं पाहिजे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोहनराव पवारांचा मुलगा गेल्याची बातमी आली. त्या घरी मंदाताई दोनदा जाऊन आल्या होत्या, आणि दोन्ही वेळा मोहनरावांनी हात जोडून "काही नको" म्हटलं होतं. त्या दिवशी गल्लीत गाड्या मावत नव्हत्या. कॅमेरे होते, हार होते, भाषणं झाली. मंदाताई कोपऱ्यावर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

पंधराव्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. आता गल्ली रिकामी होती. सून प्रिया जमिनीवर बसली होती आणि तिच्यासमोर कागद पसरलेले होते. पेन्शन, विमा, वारसाचा दाखला. मोहनरावांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिला येत होतं, पण एक ओळ वाचून झाली की ती परत पहिल्यापासून सुरू करत होती.

मंदाताई तिच्याशेजारी बसल्या. "हे सगळं आज करायचं नाही," त्या म्हणाल्या. "आज फक्त मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती. दहा काढायच्या. लोक पाच सांगतात, त्या पुरत नाहीत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी काढल्यात."

प्रियानं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग ती रडायला लागली. मंदाताई कागद तारखेप्रमाणे लावत राहिल्या. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही, असं त्यांनी नंतर दीप्तीला सांगितलं.

जुलैअखेर लढाई संपली. टीव्हीवर नेहमीच्या मालिका परत आल्या. मदतीला येणाऱ्या सव्वीस जणांतले दिवाळीपर्यंत नऊ उरले, संक्रांतीला चार. सीमेवरची माणसं मात्र लगेच घरी आली नव्हती, आणि गॅस, फॉर्म, दवाखाने चालूच होते. मंदाताईंनी मार्चपर्यंत काम रेटलं. मग गुडघे अगदीच बोलायला लागले तेव्हा वही तुकोजीरावांना दिली आणि त्या वासण्याला दीप्तीकडे राहायला गेल्या.

प्रिया पुढच्या वर्षी एका सरकारी कचेरीत लागली. अधूनमधून ती वासण्याला येते. दोघी गॅलरीत बसून ऑफिसातल्या माणसांबद्दल बोलतात, आणि कुणाशी कसं वागावं याबाबत त्यांचं बहुतेक वेळा एकमत होत नाही.