काचघरातलं पहिलं फळ

जव्हार दरबारच्या काचघरात शिरण्यापूर्वी तो वारली माळी दाराशी खोकायचा. ‘परमुलखातली झाडां, दादा, दचकतात,’ म्हणायचा. मी दरबारचा कारकून. झाडांची यादी माझ्याकडे, म्हणजे अक्कलही माझ्याकडेच, असा माझा समज.

मलायाहून आणलेलं मंगुस्तानाचं रोप त्याने नऊ वर्षं जपलं. थंडीत त्याला गोणपाट गुंडाळायचा. यंदा एकच जांभळं फळ धरलं आणि महाराजांनी ते त्यालाच देऊन टाकलं. तरी तो नुसता बघत बसे. पहिलं फळ हिरवा देवाला दाखवल्याशिवाय खायचं नाही, हा वारल्यांचा नेम. मला तो ठाऊक होता, हीच लाजेची गोष्ट.

तो पूजेसाठी भगताला बोलवायला जामसरला गेला, तेव्हा ‘चाखल्याशिवाय यादीत काय लिहायचं?’ असं म्हणून मी फळ फोडलं. त्याची चाहूल लागताच सगळा गर बियांसकट गिळला.

साल बघून तो उकिडवा बसला. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

‘दादा, कसा लागला?’

मला काहीच आठवेना. ‘गोड,’ मी म्हणालो.

‘गोड तं मोहाचा फूलबी रहतं,’ तो म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.