आबोली की पिस्ता

आरोंद्याच्या हिराने जन्मभर मासे विकले. गिऱ्हाईक कितीही चिकट असो, दोन मिनिटांत सौदा पटवायची. त्याच बाईने एका भिंतीच्या रंगावर तीन दिवस घालवावेत, याचं अख्ख्या वाडीला नवल वाटत होतं.

पण तिच्या घरात रंग निवडायचा प्रश्न कधी आलाच नव्हता. तिचा नवरा दाजी दरवर्षी होडी रंगवायचा आणि डब्यात उरेल तो रंग भिंतींना फासायचा. होडी निळी तर घरही निळं. बाई चाळीस वर्षं होडीच्या पोटातच नांदली म्हणा ना! यंदा मुलाने, सुदेशने, मागे नवी खोली बांधली आणि आईकडे बोट दाखवत जाहीर केलं, "हेचो रंग आवशीन ठरवचो."

रंगारी गंगारामने भिंतीवर दोन पट्टे ओढून दिले, एक आबोली, एक पिस्ता. हिरा सकाळी बाजाराला निघताना बघायची, दुपारी टोपली उतरवून बघायची, संध्याकाळी ट्यूब लावून पुन्हा बघायची. वर ऐकवायची, "दिव्याच्या उजेडात शिळो बांगडोय ताजो दिसता." शेजारची नर्मदा मत द्यायला आली. तिला चहा मिळाला, मत मात्र तिच्यापाशीच राहिलं.

तिसऱ्या दिवशी गंगाराम टेकीला आला. दुसऱ्या गावचं काम उद्यावर आलं होतं. "काकी, फाल्यां माका ओरसाक कामार जावचा आसा. आज सांगा, नायतर माजी गाठ म्हयन्यान."

"होडयेचो निळो उरलेलो आसा," दाजी म्हणाला. "तोच काढ रे."

"आबोली!" हिरा जवळजवळ ओरडलीच. "माजो पयल्याच दिसाक ठरलेलो."

"मगे तीन दिस कित्याक घालवलंस गो?" दाजीने विचारलं.

ती पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "इतक्या वर्सांत माका कोणी इचारूक नाय. आता जो तो इचारता, हिरा, खंयचो बरो? माका बरां वाटत हुतां. सांगून टाकलां तर मगे कोण इचारतलो?"

गंगारामने आबोलीचा डबा उघडला. दाजी बराच वेळ उंबऱ्यात ओशाळून उभा होता. मग खिडकीच्या कोऱ्या लाकडाकडे बोट दाखवत त्याने विचारलं, "आणि हेका खंयचो लावया गो?"

गंगारामने कपाळाला हात लावला. हिराचा चेहरा मात्र असा काही फुलला!

"बघूया," ती म्हणाली, "घाई कित्याक?"