माडीवरचं इंग्रजी

मला इंग्रजी येत होतं, म्हणून मी महाडात अडकले. नसतं येत, तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी मुंबईला गेले असते.

माझं माहेर पुण्याचं. वडील शिक्षक. त्यांनी हौसेनं मला इंग्रजी पाचवीपर्यंत शाळेत ठेवलं, मग स्थळ आलं तसं काढलं. महाडचं वकिलाचं घर, मुलगा मुंबईत एका कचेरीत कारकून. वडील म्हणाले, "मुंबईत संसार होईल तुझा. शिकलीस त्याचं चीज होईल." लग्न झालं, यांची रजा संपली आणि जाताना हे एवढंच बोलले, "खोली मिळाली की न्यायला येतो." तोवर मी सासरी राहायचं. त्यात वावगं काही नव्हतं. त्या मुलखातल्या कितीतरी सुना अशाच खोलीची वाट बघत दिवस काढत होत्या.

घर चवदार तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत होतं. मामंजी वकिली करायचे, थोरले दीर त्यांच्या हाताखाली कोर्टाची कामं बघायचे. सासूबाई गुडघ्यांनी बेजार. घराचा सगळा गाडा ओढायच्या त्या माझ्या जाऊबाई. त्यांना मी वहिनी म्हणे. त्या पोलादपूरकडच्या, कापड्याच्या बाजूच्या एका वाडीतल्या. बोलणं तिकडचं, नाय आणि हायचं. सासरी इतकी वर्षं काढून ते बदललं नव्हतं. त्यांना दोन मुलं. मुलगा सातएक वर्षांचा, मुलगी पाचाची.

मला इंग्रजी येतं हे घरात कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. ते कळलं एका बाटलीमुळे. सासूबाईंसाठी मुंबईहून दोन औषधं आली होती, एक खोकल्याचं, एक गुडघ्याचं. त्या वाटीत ओतून तोंडाला लावणार, तेवढ्यात माझी नजर बाटलीवर गेली.

"थांबा, ते प्यायचं नाही. चोळायचं आहे."

मामंजी झोपाळ्यावर होते. त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. "तुला कसं कळलं?"

"वर लिहिलंय."

त्यांनी शेजारचं इंग्रजी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. "वाच." मी खाली मान घालून वाचलं. मोठ्यानं वाच म्हणाले, मोठ्यानं वाचलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "उद्यापासून नातवाला घेऊन माडीवर बसायचं. मी इंग्रजी धरलं तेव्हा मला मिसरूड फुटायला आलं होतं. जीभ वळली नाही. अजून गोरा जज्ज माझं ऐकून हसू दाबतो. याची जीभ लहानपणीच वळली पाहिजे." आणि ताक वाढायला वाकलेल्या वहिनींकडे न बघता पुढे म्हणाले, "आईचं नाय-हाय उचललंय त्यानं. मराठी तर हातची गेली. इंग्रजी तरी शुद्ध होऊ दे."

वहिनी ताक वाढून आत गेल्या.

माडी बुटकी होती. वासे डोक्याला लागत. दोन खिडक्या होत्या, पण गल्लीकडची बंद ठेवायची असा दंडक होता. तळ्यावर अस्पृश्यांनी पाणी भरावं की नाही, याचा दावा कोर्टात चालू होता, गल्लीत सारखी वर्दळ असे, आणि घरातल्या सुनांनी खिडकीत दिसायचं नाही. सकाळची कामं उरकली की मी वर जाई ती जेवणवेळेपर्यंत, आणि दुपारी पुन्हा. शिकवणी बसली की वरून हाक मारूनच काय हवं ते मागायचं. मधेच खाली आलं तर सासूबाई म्हणत, "मुलांचं बुडेल ना."

पहिल्या दिवशी मामंजींचं जुनं पुस्तक उघडलं. अक्षरं, स्पेलिंगं, घोकंपट्टी. मुलगा जांभया द्यायला लागला. मुलगी शिकायला नव्हतीच बसवलेली, भावामागून आपली वर आली होती. ती कोपऱ्यात पाटीवर नुसत्या रेघा ओढत होती. मला माझी पुण्याची शाळा आठवली. तिथे एक मॅडम होत्या. त्या वर्गात मराठीचा शब्द उच्चारत नसत. खुर्चीवर बसत, उठत, दार उघडत, लावत, आणि जे करतील ते इंग्रजीत बोलत. आम्ही मुली त्यांच्यासारखं करत करत बोलायला लागलो होतो. मी पुस्तक मिटलं आणि जिन्यात उभी राहिले.

"अप," म्हणत एक पायरी चढले. "डाऊन," म्हणत उतरले.

दोन्ही मुलं धावत जिन्यात आली. त्या दिवशी त्यांनी जिना किती वेळा चढला-उतरला त्याला गणती नाही. मग तांब्या, पाट, नाक, कान, ओलं, कोरडं. मुलगी भावाच्या पुढे जायला लागली. तो आधी विचार करी, ती बोलून मोकळी होई. मांजर दिसलं की ओरडे, "काकू, कॅट हाय!" पुढे ते "कॅट इज" झालं.

एकदा मी कम आणि गो शिकवत होते. "कम" म्हटलं की पायरी चढायची, "गो" म्हटलं की उतरायची. तेवढ्यात खालून वहिनींची हाक आली, "अगो, ये गो जेवायला!" मुलगी एक पाय वर, एक पाय खाली अशी जिन्यातच थबकली.

"काकू, आई म्हणते ये जा. मी येऊ का जाऊ?"

मी हसत सुटले. वहिनींना सांगितलं तर त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. त्या घरात आम्ही दोघी एकदम हसलो ती मला आठवणारी पहिली वेळ.

कधी मात्र शिकवताना तोंडचं पाणी पळे. माय आणि युवर चाललं होतं. माय कॅप, युवर नोज. मुलीनं बंद खिडकीकडे, तळ्याच्या दिशेला बोट दाखवून म्हटलं, "माय टँक!"

"नो," भाऊ म्हणाला, "आजोबाज टँक."

"आजोबांचं कसं? काकू, टँक कुणाचा?"

खाली ओटीवर पक्षकार बसले होते आणि बोलणं त्या दाव्याचंच चाललं होतं. मी पाटी उचलून घाईनं म्हटलं, "धिस इज माय स्लेट," आणि पुढे गेले. उत्तर मला दोन्ही भाषांत देता आलं असतं. खाली ऐकू जाईल अशा आवाजात देता येत नव्हतं.

गणपतीत हे आले. गिरगावात खोली मिळाली होती. लहान होती, पण आमची होती. रात्रीची जेवणं झाल्यावर यांनी विषय काढला. मी दाराआड उभी होते.

"हिला आता घेऊन जावं म्हणतो."

"आत्ता?" मामंजी म्हणाले. "मुलं आत्ता कुठे बोलायला लागलीत. तू ऐकलंस का त्यांचं इंग्रजी?"

"ऐकलं. पण एखादा मास्तर ठेवला तर..."

"पाच वर्षांच्या पोरीला इंग्रजीतून भांडायला लावणारा मास्तर या महाडात दाखव मला. आजच ठेवतो."

वडिलांपुढे यांचा आवाज कधी चढलाच नव्हता, त्या दिवशी तरी कुठून चढणार? वर आल्यावर हे मला म्हणाले, "शिमग्याला बघू." मी म्हटलं, "शिमग्यापर्यंत त्यांना आणखी चांगलं येईल. मग?" हे एकटेच परत गेले. मला तेव्हा कळलं की मी स्वतःच्या हातांनी रोज एकेक कडी लावून घेते आहे. वाईट शिकवावं असंही मनात आलं. पण ती दोन तोंडं समोर येऊन बसली, "काकू, व्हॉट इज धिस?" म्हणाली, की ते जमत नसे.

हिवाळ्यात कुणी मोठा गोरा अंमलदार दौऱ्यावर आला आणि बायकोसह सरकारी बंगल्यात उतरला. मामंजी भेटीला गेले ते नातवंडांना घेऊन. मुलांना नवे कपडे शिवले, मुलीच्या केसांत अबोलीचा वळेसर माळला. मला नेण्याचा प्रश्नच नव्हता. मी माडीवर बसून राहिले. हाताला काम नव्हतं आणि खाली जायला निमित्तही नव्हतं.

परत आल्यावर मुलानं सगळं सांगितलं. मडमेनं मुलीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, तुला कोण शिकवतं?

"माय काकू," मुलगी म्हणाली.

ती कुठे आहे?

"अप. शी इज ऑल्वेज अप. शी कॅनॉट कम डाऊन."

मडम हसली आणि काकू आजारी आहे का म्हणून तिनं मामंजींना विचारलं. मामंजींनी काय सांगितलं ते मुलाला कळलं नव्हतं. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण मामंजी घरी आले ते खुशीत. मडमेनं उच्चारांची तारीफ केली होती. आठवडा गेला नाही तो मामलेदारांची मुलंही आमच्या माडीवर येऊन बसायला लागली.

त्याच सुमारास एका संध्याकाळी मुलं गेल्यावर मामंजी जिना चढून वर आले. मी उठून उभी राहिले, पदर सावरला. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "वारसाला इंग्रजीत जो शब्द आहे, तो कसा म्हणायचा?"

"एअर. त्यातला एच बोलायचा नाही."

"हेअर."

"एअर," मी हळू म्हटलं.

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा एच आलाच. "असो," म्हणून ते खाली गेले. त्यांचा राग करणं मला त्या दिवसापासून अवघड झालं, आणि त्यामुळे तिथलं राहणं आणखी अवघड झालं.

शिमगा आला, गेला. यांनी खोली सोडली आणि खानावळीच्या जवळ चौघांत जागा धरली, असा निरोप आला. त्या दुपारी मी मागल्या दारी भांड्यांपाशी बसून रडत होते. वहिनी येऊन शेजारी बसल्या. त्यांनी राखेनं एक पातेलं घासायला घेतलं.

"तुला एक सांगू गो?" त्या म्हणाल्या. "काल पोरीला म्हटलं, मला भूक नाय. तर मला म्हणते, आई, नाय म्हणू नये, लोक हसतात. माझ्या पोटची पोर हाय ती."

मी चपापले. "मी नाही असं शिकवलं, वहिनी."

"तू नाय शिकवलंस. ते ती आपोआप शिकली." त्यांनी पातेलं उपडं घातलं. "वैशाखात माझ्या भावाचं लगीन हाय. पोरांना घेऊन जाते. मग नाय आणत त्यांना दिवाळीपर्यंत. आजोळी राहतील, रानात हिंडतील. पोरं इथं नसली तर तुला कशासाठी ठेवतील?"

"मामलेदारांची मुलं आहेत की."

"दुसऱ्याच्या पोरांसाठी घरची सून अडकवून ठेवली, असं गावाला बोलू देणारे नाय ते. अब्रूला जपतात. भाऊ माझा मुंबईला असतो, तो भावोजींना निरोप सांगेल. त्यांनी फक्त वेळेवर यावं."

"आणि तुम्हाला इथे काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणतील."

वैशाखात बैलगाडी जोडून त्या पोलादपूरकडे गेल्या. लग्न आटोपलं. मग वहिनींच्या वडिलांचा माणूस आला: मुलांना हवा मानवली आहे, पाऊस तोंडावर आहे, आता दिवाळीनंतरच धाडू. मामंजी संतापले. थोरल्या दिरांना आणायला पाठवलं, ते रिकाम्या हातांनी आले. सासऱ्यापुढे आणि बायकोपुढे त्यांचं काही चाललं नाही म्हणे. पुढच्याच आठवड्यात हे हजर झाले, मुंबईत पुन्हा खोली धरून. या वेळी यांनी विचारलं नाही, सांगितलं. मामंजींनी एकदा माडीच्या जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ने." मी नमस्काराला वाकले तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला, पण झोपाळा थांबवला नाही.

मोटारीनं धरमतर, तिथून बोटीनं मुंबई. बोटीवर उघड्या वाऱ्यात मला भोवळ आल्यासारखं झालं. हे म्हणाले, समुद्राची सवय नाही. मला वाटतं, मोकळ्या जागेचीच सवय गेली होती.

पुढच्या वर्षी गणपतीला आम्ही महाडला गेलो. मुलं परत आली होती. माडीवर एक मास्तर छडी घेऊन स्पेलिंगं घोकून घेत होता. मुलीला आता वर जाऊ देत नसत. ती आईशी आईच्या बोलीत भडाभडा बोलत होती, आणि मी इंग्रजीत काही विचारलं तर लाजून आईमागे लपली.

वहिनी वाळल्या होत्या. मुलांना घेऊन परत आल्यापासून मामंजींनी त्यांचं माहेर बंद केलं होतं. मधे वडील आजारी पडले, निरोपावर निरोप आले, तरी पाठवलं नव्हतं. त्या गेल्या त्या तेराव्याला, एका दिवसासाठी, थोरल्या दिरांच्या सोबतीनं. हे मला सासूबाईंकडून कळलं. वहिनींनी स्वतः सांगितलं नाही.

मोदकांसाठी त्या नारळ खवत होत्या. मी जवळ जाऊन बसले. "वहिनी, माझ्यामुळे तुम्हाला..."

"तुझ्यामुळे काय म्हणून?" त्यांनी विळीवरचा हात थांबवला नाही. "मला माझी पोरं माघारी हवी होती. तुझी सुटका त्यात झाली, झाली." मग तशाच खाली बघत त्या म्हणाल्या, "बाबा विचारत होते म्हणे शेवटी, पोर आली का." आणि खवलेलं खोबरं माझ्याकडे सारून त्यांनी दुसरी वाटी विळीला लावली.