सोनेरी भेंडी

"हे झाड आधी उपटा," मी म्हणाले आणि गच्चीवरची कुजबुज थांबली.

कर्वेनगरच्या एका सोसायटीत कुंडीतल्या भाज्यांच्या स्पर्धेला मी परीक्षक होते. नोकरीभर झाडांचे रोग तपासले, म्हणून बोलावलं होतं. झाड काळेकाकांचं, म्हणजे बँकेतून रिटायर झालेल्या मॅनेजरांचं. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक, मधे जेमतेम हिरवं. सगळे तिला सोनेरी भेंडी म्हणत. काकांनी ती गच्चीच्या मधोमध स्टुलावर मांडली होती.

"अहो, दुर्मिळ व्हरायटी आहे ही."

"हा केवडा रोग आहे काका. व्हायरस."

"असं आपलं मत."

मी पान उलटलं. खालून बारीक पांढऱ्या माश्या भुर्रकन उडाल्या. ही पांढरी माशी पानातला रस पिते आणि व्हायरस पुढच्या झाडाला पोचवते. अशा रोगांत बरेचदा आजारी झाडाचा रंग आणि वास माशीला ओढून घेतो. व्हायरस पोटात गेला, की तिला निरोगी झाड जास्त आवडू लागतं. व्हायरसने येण्याजाण्याची चोख सोय केलेली असते. काकांनी वर स्टूल पुरवलं होतं.

शेजारी जोशीबाईंच्या भेंडीच्या बारा कुंड्या होत्या. दोन झाडांची कोवळी पानं पिवळी पडू लागली होती. बाईंचा चेहरा उतरला. औषध काय, असं त्यांनी विचारलं. व्हायरसवर औषध नाही. रोगट झाडं काढायची आणि माशीसाठी पिवळी चिकट कार्डं टांगायची, एवढंच.

काका ढिम्म हलेनात. मला आता राग येऊ लागला. तेवढ्यात सेक्रेटरींनी बाजूला घेऊन सांगितलं, की काकांना तीन वर्षं नुसतं उत्तेजनार्थ मिळतंय. यंदा त्यांनी नातेवाइकांना बोलावलंय. पाहिलं तर खरंच, पाच-सहा जण खुर्च्यांवर नटूनथटून बसले होते.

मी जोशीबाईंकडे पाहिलं. पहिला नंबर खरा त्यांचा होता.

"कप त्यांना द्या," बाई हळूच म्हणाल्या. "मला भेंडी हवी आहे."

मी जाहीर केलं, "पहिलं बक्षीस काळेकाकांच्या भेंडीला. मरणोत्तर."

काकांनी बराच विचार केला.

"सर्टिफिकेटवर तसं छापणार?"

"छापू."

त्यांनी झाडावर मोठी पिशवी चढवली, तोंड आवळलं आणि स्वतःच्या हातांनी ते मुळासकट उपटलं. नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या.

जोशीबाईंची ती दोन झाडंही काढली. उरलेल्या दहांची भेंडी त्यांनी श्रावणभर खाल्ली. काकांच्या हॉलमध्ये सर्टिफिकेटशेजारी सोनेरी भेंडीचा फोटो लागला, हारासकट.

नोकरीत मी वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना सांगत राहिले, रोगट झाड उपटा. फार थोड्यांनी ऐकलं. बक्षीस देऊन बघायला हवं होतं.